यजमान कोण? ब्रह्मदेशाच्या पर्यटन-बहिष्काराचं प्रकरण

मंडालेच्या राजवाड्याभोवती पाण्याचा चौकोनी खंदक आहे. एकेक बाजू सुमारे २ किलोमीटर, रुंदी ६० मीटरच्या वर. संध्याकाळी तटाच्या विटा आणि वरचे लाकडी मनोरे त्या पाण्यात दिसतात, आणि ब्रह्मदेश पाहून आलेल्या जवळपास प्रत्येकाकडे या पाण्याचा एक तरी फोटो सापडतो. मराठी माणूस इथे येतो तेव्हा त्याच्या मनात आणखी एक गोष्ट असते. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षं याच शहरातल्या तुरुंगात काढली.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर हा खंदक उपसला गेला. गाळ काढायला मजुरीची माणसं लावलेली नव्हती. रहिवाशांनी घरटी माणूस पाठवायचा, असा हुकूम होता. महिन्यातले ठरावीक दिवस काम, मजुरी काही नाही, ज्याला यायचं नसेल त्याने पैसे भरायचे. त्यांच्याबरोबर कैदीही जुंपले होते. याला आपल्याकडे वेठबिगार म्हणतात. लष्करी सरकारने १९९६ हे पर्यटन वर्ष जाहीर केलं होतं आणि पाहुणे यायच्या आत शहर देखणं व्हायला हवं होतं.

अशांत किंवा बळकावलेल्या प्रदेशात फिरायला जावं का, यावर बोलणं निघालं की ते बहुतेक वेळा पैशावर येऊन थांबतं. आपण खर्च केलेल्या रकमेतला किती वाटा सरकारकडे जातो आणि किती चहावाल्याकडे, याचा हिशोब मांडला जातो. मंडालेत पैसा पोचायच्याही आधी काहीतरी घडून गेलं होतं. पर्यटक अजून विमानात बसलेला नव्हता, आणि त्याच्या नावाने माणसं चिखलात उभी केली गेली होती. हे प्रकरण अभ्यासाला घेण्याचं माझं पहिलं कारण ते. दुसरं कारण असं की, लोकांनी निवडून दिलेल्या पक्षाने 'सध्या येऊ नका' असं परदेशी प्रवाशांना स्पष्ट सांगितलं आणि पुढे स्वतःच ते आवाहन मागे घेतलं, असं फार क्वचित घडतं. इथे ते घडलं, आणि त्यानंतर जे झालं त्याने दोन्ही बाजूंची उत्तरं अपुरी ठरवली.

पर्यटन वर्षापर्यंत

१९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि देशाची दारं जवळजवळ बंद केली. सुरुवातीला परदेशी माणसाला २४ तासांचा व्हिसा मिळे, पुढे ७ दिवसांचा. १९८८ च्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले, हजारो मारले गेले, आणि १८ सप्टेंबरला सैन्याने नव्या नावाने सत्ता पुन्हा हातात घेतली. १९८९ मध्ये बर्माचं म्यानमार झालं, रंगूनचं यांगून झालं, आणि त्याच वर्षी २० जुलैला लोकशाही आंदोलनाच्या नेत्या आंग सान सू ची यांना नजरकैदेत टाकलं गेलं. मे १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी या पक्षाने लढवल्या गेलेल्या ४८५ जागांपैकी ३९२ जिंकल्या. सैन्याने तो निकाल मानलाच नाही.

तिजोरीत परकीय चलन नव्हतं. समाजवादी अर्थव्यवस्था मोडीत निघाली होती आणि पाश्चात्त्य देशांनी मदत आखडती घेतली होती. तेव्हा ज्या सरकारने पिढीभर परदेशी माणसाला दूर ठेवलं, त्यालाच पर्यटक हवासा वाटू लागला. १९९२ मध्ये हॉटेल आणि पर्यटनाचं स्वतंत्र मंत्रालय निघालं. १९९३ पासून स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशाला विमानतळावरच ठरावीक डॉलर, दीर्घकाळ ३०० आणि नंतर २००, देऊन 'परकीय चलन प्रमाणपत्रं' घ्यावी लागत. ही सक्ती २००३ पर्यंत टिकली. 'क्यात' हे तिथलं चलन. सरकारी दर डॉलरला जेमतेम ६ क्यात होता, बाजारात त्याच डॉलरला शेकडो क्यात मिळत. डॉलर कुणाच्या हातात आधी पडेल, हे सरकारने विमानतळावरच ठरवून टाकलं होतं.

पर्यटन वर्षाचं उद्दिष्ट होतं ५ लाख पाहुण्यांचं. प्रत्यक्ष उद्घाटन लांबत लांबत नोव्हेंबर १९९६ मध्ये झालं, आणि उद्दिष्टाच्या जवळपासही आकडा गेला नाही.

बागानची कथा मात्र पर्यटन वर्षाच्याही आधीची आहे. इरावतीच्या काठावर, अकराव्या ते तेराव्या शतकात बांधलेल्या दोन हजारांहून जास्त देवळांच्या आणि स्तूपांच्या मध्ये एक वसतं गाव होतं. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते, लाखेची भांडी घडवत होते, देवळात दिवा लावत होते. १९९० मध्ये त्यांना थोड्या दिवसांची मुदत देऊन उठवलं गेलं आणि काही किलोमीटर दक्षिणेला उघड्या शेतात जागा दिली गेली. तिचं नाव नवं बागान. जुन्या बागानमध्ये उरली देवळं, आणि पुढे हॉटेलं. 'अस्पर्श', 'काळ थांबलेला' अशी विशेषणं बागानच्या वर्णनांत भरपूर सापडतात. ती शांतता कशी तयार झाली हे माहीत असलं की ती विशेषणं वाचवत नाहीत.

आवाहन

जुलै १९९५ मध्ये सू ची यांची सुटका झाली. त्यानंतरच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या पक्षाने परदेशी प्रवाशांना सांगितलं की आत्ता येऊ नका, थांबा, देश कुठे पळून जात नाही, लोकशाही आली की या. पुढे त्यांनी हेही बोलून दाखवलं की आत्ता येणं म्हणजे या राजवटीला मान्यता देण्यासारखं आहे.

या आवाहनाचं वजन नीट समजून घ्यायला हवं. परक्या देशातल्या एखाद्या संघटनेने आपल्या मनाने काढलेला तो फतवा नव्हता. मतदारांनी निवडून दिलेला पक्ष बोलत होता. त्याचे अनेक उमेदवार तुरुंगात होते, आणि पर्यटन थांबलं तर त्याचा चटका आधी त्यांच्याच मतदारांना बसणार होता. स्वतःचं नुकसान सोसून केलेली विनंती आणि दुसऱ्याच्या खर्चाने पाळायला सांगितलेलं तत्त्व, या दोहोंत मला फार मोठं अंतर दिसतं.

बाहेर त्या आवाहनाला धार मिळाली ती वेठबिगारीच्या पुराव्यांमुळे. ब्रह्मदेशाने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा १९३० चा आंतरराष्ट्रीय करार १९५५ मध्ये मान्य केला होता. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने चौकशी आयोग नेमला आणि १९९८ च्या अहवालात त्याने सक्तीचे श्रम देशभर आणि पद्धतशीरपणे घेतले जातात असा निष्कर्ष काढला. २००० मध्ये संघटनेने आपल्या घटनेतलं, करार न पाळणाऱ्या सदस्य देशाविरुद्ध उपाय योजण्याचं ३३ वं कलम वापरलं. तिच्या इतिहासात ते कलम त्याआधी कधीच वापरलं गेलं नव्हतं. अहवालाचा व्याप पर्यटनापेक्षा कितीतरी मोठा होता. त्यात सैन्यासाठी ओझी वाहणारी माणसं होती, रस्ते आणि लोहमार्ग होते. तरीही 'पर्यटन हा निरुपद्रवी उद्योग आहे' हे वाक्य त्यानंतर सहज उच्चारता येईना.

२००० मध्ये 'बर्मा कॅम्पेन यूके' आणि 'टुरिझम कन्सर्न' या ब्रिटनमधल्या संघटनांनी लोनली प्लॅनेटवरच बहिष्कार घालण्याचं आवाहन केलं, कारण ती कंपनी या देशाची प्रवास-मार्गदर्शिका छापत होती. कंपनीने मार्गदर्शिका चालू ठेवली, जावं की नाही याची चर्चा तिच्यात घातली, आणि निर्णय वाचकावर सोडला. २००५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही लोकांना तिकडे न जाण्याचं आवाहन केलं.

विरोधातला सगळ्यात जड आवाज

बहिष्काराच्या विरोधात हॉटेलवाले बोलत होते, सहली काढणारे बोलत होते. त्यांचं बोलणं बाजूला ठेवणं सोपं होतं. मा थानेजी यांचं बोलणं बाजूला ठेवता येत नव्हतं. त्या सू ची यांच्या सहायक होत्या. १९८९ मध्ये त्यांना पकडलं आणि जवळपास तीन वर्षं इन्सेन तुरुंगात ठेवलं. सुटून आल्यावर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की निर्बंध आणि पर्यटन-बहिष्कार यांचा मार सैन्याला बसत नाही, साध्या माणसाला बसतो. ज्यांनी किंमत मोजली होती त्यांच्यातच मतभेद होते, हे बाहेरच्या चर्चेत फार वेळा दडपलं गेलं. त्यांना विकलेली बाई ठरवणारेही निघाले. मला ते लज्जास्पद वाटतं.

त्यांच्या बाजूने मांडता येईल असं बरंच आहे. ने विन यांच्या काळात देश जगापासून तुटला होता तेव्हा हुकूमशाही दुबळी झाली नव्हती, ती निवांत झाली होती. सैन्याचं मोठं उत्पन्न सागवान, रत्नं आणि पुढे थायलंडला जाणाऱ्या यादाना प्रकल्पाच्या वायूतून येत होतं. या रकमांपुढे पर्यटकाचे डॉलर किरकोळ होते. बागानमधला घोडागाडीवाला आणि इनले तळ्यावरचा नावाडी यांच्यासाठी मात्र तेच डॉलर महिनाभराचा संसार होते. पैशाचा हिशोब काटेकोर मांडला तर तो बहिष्काराच्या विरुद्ध जाण्याचीच शक्यता जास्त. हे मान्य करूनही मी १९९६ मध्ये गेलो नसतो, आणि त्याचं कारण हिशोबात सापडत नाही.

त्या वर्षी सैन्याला पर्यटकाकडून फक्त डॉलर नको होते, त्याची हजेरीही हवी होती. निवडणूक हरलेल्या सरकारला जग आपल्याकडे येतंय हे दाखवायचं होतं. स्वतः लोकांच्या घरात घुसून बसलेला माणूस दारात उभा राहून तुम्हाला 'या, बसा' म्हणतो, आणि आतून घरमालक 'आत्ता नको' असं ओरडतो, तेव्हा आपण कुणाचे पाहुणे होतो हा प्रश्न चहाच्या पैशांपेक्षा आधी येतो. यजमान कोण, हे ठरल्याशिवाय पाहुण्याला आत पाऊल टाकता येत नाही.

साक्षीदाराचा युक्तिवाद

जाणाऱ्यांचा एक आवडता युक्तिवाद असतो: आम्ही गेलो तर आम्ही बघू, बाहेर सांगू, सैन्याला जरा लाज राहील. हा युक्तिवाद मला बराच काळ पटत असे. ब्रह्मदेशाचा अनुभव त्याच्या बाजूने नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये भिक्षू रस्त्यावर उतरले. इंधनाचे भाव एका रात्रीत भरमसाट वाढले होते. यांगूनच्या सुले पॅगोडाजवळ २७ सप्टेंबरला केंजी नागाई हे जपानी पत्रकार सैनिकाच्या गोळीने ठार झाले. तरीही जगाने जी दृश्यं पाहिली त्यांतला मोठा भाग 'डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा' या नॉर्वेतून चालणाऱ्या वृत्तसंस्थेच्या स्थानिक वार्ताहरांनी पिशवीत, कपड्यांत कॅमेरे लपवून टिपला होता. साक्षीदार घरातलेच होते आणि त्यातले कित्येक पुढे तुरुंगात गेले.

पुढच्या मे महिन्यात नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखावर आदळलं. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा १ लाख ३० हजारांच्या वर गेला. मदतीला निघालेले परदेशी डॉक्टर आणि स्वयंसेवक बँकॉकमध्ये व्हिसाची वाट बघत राहिले, आणि सरकारने त्याच धामधुमीत नव्या घटनेसाठी सार्वमत उरकलं. कॅमेरा गळ्यात अडकवून देवळं बघणारा परदेशी माणूस या राजवटीला चालत होता. बुडालेल्या गावात जाऊ पाहणारा परदेशी माणूस चालत नव्हता. पर्यटकाला जे दिसू दिलं जातं ते आधीच निवडलेलं असतं, त्यामुळे त्याची साक्ष फारशी कुणाला भीतीची वाटत नाही.

त्याच्याशी बोललेला गाइड मात्र मागे राहतो. रात्री मुक्कामाला येणाऱ्या माणसाची नोंद स्थानिक अधिकाऱ्याकडे करण्याची सक्ती ब्रिटिश काळापासून चालत आली होती. झडतीसाठी पोलिस मध्यरात्री घरात शिरू शकत. परदेशी माणसाने परवाना असलेल्या हॉटेलातच उतरायचं असा नियम होता. 'स्थानिक माणसाच्या घरी राहा, म्हणजे पैसा थेट त्याच्या हातात जाईल' हा सल्ला जगात सगळीकडे दिला जातो. इथे तो सल्ला पाळणारा पाहुणा यजमानाला ठाण्यात पाठवू शकत होता. सदिच्छेने केलेल्या गोष्टीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, याची चौकशी निघण्याआधी करावी लागते. ते बिल प्रवाशाच्या नावावर सहसा येत नाही. त्याला फार तर विमानात बसवून परत पाठवतात.

आवाहन मागे घेतलं, तेव्हा

मधल्या काळात पुन्हा नजरकैदेत टाकलेल्या सू ची १३ नोव्हेंबर २०१० ला शेवटी सुटल्या. मे २०११ मध्ये त्यांच्या पक्षाने भूमिका बदलली. मोठ्या, सरकारशी लागेबांधे असलेल्या सहलींनी येणाऱ्यांना त्यांचा विरोध कायम होता, पण लोकांच्या भल्याची आणि निसर्गाची चाड ठेवून एकेकटे येणारे प्रवासी त्यांना चालणार होते.

बहिष्कार मागे घेण्यात एवढी स्पष्ट अट घातली गेली होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. जगाने ऐकलं ते फक्त 'बंदी उठली'. सरकारी आकड्यांप्रमाणे २०११ मध्ये ८ लाखांच्या आसपास परदेशी आले, २०१२ मध्ये १० लाखांच्या वर, २०१५ मध्ये सुमारे ४७ लाख. यातले बहुसंख्य सीमेवरून दिवसभरासाठी ये-जा करणारे होते, तरी यांगूनमध्ये हॉटेलची खोली मिळेना आणि भाडी कुठच्या कुठे गेली. खोल्या, विमानं, बागानमधलं वादग्रस्त निरीक्षण-मनोऱ्याचं बांधकाम, यांमागे अनेकदा तेच उद्योगपती होते जे सैन्याच्या सावलीत मोठे झाले होते. 'एअर बागान' या विमान कंपनीचे मालक ते झा यांच्यावर अमेरिकेने २००७ मध्ये निर्बंध लादले होते. अट घालणाऱ्यांकडे अट पाळली जाते का हे बघायची यंत्रणा नव्हती, आणि पाळणाऱ्यांना ती माहीत नव्हती.

राखाइन

प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग इथे आहे, आणि त्याच्यापाशी मी जास्त थांबणार आहे.

राखाइन हा बंगालच्या उपसागरावरचा पश्चिमेचा प्रांत. त्याच्या दक्षिणेला न्गापालीचा किनारा आहे, देशातला सगळ्यात प्रसिद्ध. मध्यभागी म्राउक-ऊ, एका जुन्या राज्याची दगडी देवळांची राजधानी. तिथे जायचं तर विमानाने सित्वेला उतरायचं आणि तिथून नावेने नदीवरून वर जायचं. उत्तरेला मौंगदॉ आणि बूथिदौंग, जिथे रोहिंग्या मुसलमानांची मोठी वस्ती होती. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना व्यवहारात बिनदेशी करून टाकलं होतं.

२०१२ च्या जूनमध्ये दंगली झाल्या आणि सित्वेतल्या रोहिंग्यांना शहराबाहेरच्या छावण्यांमध्ये कोंडलं गेलं. लाखाहून जास्त माणसं. सित्वे शहरात आंग मिंगला नावाचा एक मोहल्ला उरला, त्याच्या तोंडाशी पहारा होता आणि आतल्या माणसाला मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नव्हतं. म्राउक-ऊच्या नावेत बसणारा पर्यटक या छावण्यांपासून थोड्याच किलोमीटरवर असायचा. त्या त्याला दिसत नव्हत्या, कारण तिकडे जायला परवानगी नव्हती.

२५ ऑगस्ट २०१७ ला रोहिंग्या सशस्त्र गटाने पोलिस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर सैन्याने जी मोहीम काढली तिच्यात गावंच्या गावं जाळली गेली आणि ७ लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. त्या हिवाळ्यात बागानवर गरम हवेचे फुगे नेहमीसारखेच उडत होते.

आता यजमान कोण होता? नागरी सरकार सू ची यांच्या पक्षाचं होतं, २०१५ ची निवडणूक जिंकलेलं. पर्यटन वाढावं असं त्याला वाटत होतं. ज्या पक्षाने १९९५ नंतर 'येऊ नका' म्हटलं तोच आता 'या' म्हणत होता, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सू ची स्वतः उभं राहून वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध देशाची बाजू मांडत होत्या. १९९६ मध्ये ज्यांचा शब्द प्रमाण मानून आम्ही थांबलो असतो, त्यांचा शब्द प्रमाण मानून २०१७ मध्ये निघायचं का?

माझं उत्तर नाही असं आहे. बहुसंख्यांनी निवडून दिलेला माणूस बहुसंख्यांच्या घरात आपल्याला बोलावू शकतो. ज्यांना त्या बहुसंख्येने घराबाहेर काढलं, त्यांच्या अंगणात बसायचं आमंत्रण तो देऊ शकत नाही. न्गापाली आणि म्राउक-ऊ त्या काळात टाळायला हवीत, एवढं मला स्वच्छ दिसतं. यांगून आणि बागानबद्दल मी तेवढ्या खात्रीने बोलू शकत नाही. सैन्यावर तेव्हा नागरी सरकारचा ताबा नव्हता, घटनेनेच गृह, संरक्षण आणि सीमा ही खाती सेनापतीच्या हातात ठेवली होती. बागानच्या घोडागाडीवाल्याला राखाइनमधल्या जाळपोळीबद्दल शिक्षा का, हा प्रश्न खरा आहे. त्या घोडागाडीवाल्याला विचारलं असतं तर त्याने रोहिंग्यांना 'बंगाली घुसखोर' म्हटलं असण्याचीही बरीच शक्यता होती, हेही खरं आहे. स्थानिक माणूस म्हणजे आपोआप पीडिताची बाजू, हे समीकरण प्रवासी फार सहज धरून चालतात.

या काळात एक उपयोगाचं साधन मात्र हाती आलं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने ऑगस्ट २०१९ मध्ये सैन्याच्या आर्थिक हितसंबंधांवर अहवाल दिला. 'म्यानमार इकॉनॉमिक होल्डिंग्ज' आणि 'म्यानमार इकॉनॉमिक कॉर्पोरेशन' या सैन्याच्या दोन समूहांकडे किमान १२० व्यवसाय असल्याचं त्यात नोंदवलं होतं. बियरपासून बँकेपर्यंत आणि पर्यटनापर्यंत. कुठल्या दारातून आत जाऊ नये याची यादी पहिल्यांदा इतक्या नेमकेपणाने मिळाली. १९९६ मध्ये ती असती तर कदाचित सरसकट बहिष्काराची गरज कमी भासली असती.

बळकावलेल्या भूभागांत हाच प्रश्न आत शिरण्याआधीच, थेट उंबरठ्यावर सुटतो. रशियाने २०१४ मध्ये बळकावलेल्या क्रिमियात रशियाच्या बाजूने शिरणं युक्रेनच्या कायद्याने बेकायदा आहे. जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्यानुसार, जॉर्जियातून फुटलेल्या आणि रशियाच्या आधारावर उभ्या अबखाझियात परदेशी माणसाने जॉर्जियाच्या बाजूनेच यायचं असतं. तिथे आपण कुठल्या वाटेने आलो हेच एका बाजूचा दावा मान्य करणं ठरतं. मग मुक्कामी कितीही विचाराने वागलात तरी ते खोडता येत नाही. ब्रह्मदेशात दार एकच होतं, म्हणून आत कुणाचं काय चालतं हे बघण्यावाचून इलाज नव्हता.

१ फेब्रुवारी २०२१ नंतर

सैन्याने पुन्हा सत्ता घेतली, सू ची यांना पुन्हा अटक झाली. लोकांचा प्रतिकार शहरांतून जंगलांपर्यंत गेला आणि देशात युद्ध पेटलं. १५ मे २०२२ पासून पर्यटकांना पुन्हा ई-व्हिसा मिळू लागला.

१९९६ ची सगळी सामग्री पुन्हा मांडलेली दिसते. एप्रिल २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने देशात येणारं परकीय चलन ठरलेल्या सरकारी दराने क्यातमध्ये बदलण्याची सक्ती केली. दर आधी १,८५०, त्याच ऑगस्टपासून २,१००, आणि पुढे बाजारातला भाव त्याच्या दुपटीवर गेला. मुक्कामी पाहुण्याची नोंद करायची जी सक्ती नागरी सरकारने २०१६ मध्ये काढली होती ती सत्तांतरानंतर दोनच आठवड्यांत परत आली. दंडसंहितेत ५०५-अ हे कलम घातलं गेलं, ज्याखाली 'भीती पसरवणाऱ्या' बोलण्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेचा कायदा लागू झाला: पुरुष १८ ते ३५, स्त्रिया १८ ते २७. तुमच्यासोबत गावोगावी फिरणारा गाइड बहुधा याच वयाचा असणार, आणि प्रत्येक नाक्यावर तुमच्या पासपोर्टबरोबर त्याचं ओळखपत्रही बघितलं जाणार.

या वेळी 'येऊ नका' किंवा 'या' असं अधिकाराने सांगू शकणारी माणसं तुरुंगात, परदेशात किंवा भूमिगत आहेत. आवाहनाची वाट बघत बसलं तर ते ऐकूही येणार नाही. म्हणून जे दिसतंय त्यावरून ठरवावं लागतं. मला दिसतं ते असं: बोलावणारा तोच आहे ज्याने घर बळकावलं, चलन आधी त्याच्या हातात जातं, माझ्या असण्याचा धोका माझ्याबरोबरच्या माणसाला आहे. मी आज तिथे देवळं बघायला जाणार नाही, आणि कुणी विचारलं तर जाऊ नका असंच सांगेन. आईवडील तिथे असलेला, आजाऱ्याला बघायला निघालेला, मदतकार्याला बोलावलेला, बातमी आणायला जाणारा, यांना हे लागू नाही. त्यांना बोलावणारं कुणीतरी घरातलं आहे.

२८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, राजवाड्याच्या तटाचे काही भाग कोसळून खंदकात आले. देश उभा राहायला पर्यटक हवेत, असा सूर त्यानंतर ऐकू आला. मदतीचा पैसा स्वतः विमानात न बसताही पाठवता येतो, सीमेपलीकडून काम करणाऱ्या ब्रह्मी लोकांच्या जाळ्यांतून तो आत जातोही. त्यामुळे हा मुद्दा मला पटलेला नाही.

ज्याला माझ्याकडे उत्तर नाही असा मुद्दा नव्या बागानचा आहे. १९९० मध्ये पर्यटनासाठी उठवलेली ती माणसं. त्यांनी उघड्या शेतात पुन्हा घरं बांधली, बांबूवर लाखेचे थर चढवायचं काम पुन्हा सुरू केलं. आधी बहिष्काराची वर्षं काढली, मग २०११ नंतर कर्ज काढून खोल्या वाढवल्या, दुकानं थाटली, मुलांना इंग्रजी आणि चिनी शिकवलं. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या, मग सत्तांतर झालं, आणि परदेशी गिऱ्हाईक फारसं परतलंच नाही. लाखेचा एक चांगला वाडगा पुरा व्हायला महिने लागतात, कारण प्रत्येक थर तळघरात ठेवून वाळवावा लागतो. ज्यांना आपल्या नावाने एकदा गावातून काढलं गेलं, त्यांच्या तळघरात आज वाडगे वाळत असतील तर ते न घेण्याचा निर्णयही आपणच, इतक्या लांबून, त्यांना न विचारता घेतलेला आहे.